सलाईन थांबवताना

"मॅडम, बाटली संपत आली. पुढची लावू?"

रात्रीचे अडीच. सिस्टरला हो म्हणून कॉटवर आडवं व्हावं, असा मोह होतो. उठले.

तिशीतला गडी, डेंग्यूचा सहावा दिवस. परवा आला तेव्हा हातपाय गार, नाडी जेमतेम लागत होती, रक्ताचा दाटपणा दाखवणारं हिमॅटोक्रिट ५१. डेंग्यूत रक्तवाहिन्या पाझरतात, रक्त दाट होतं. तेव्हा सलाईननंच तो वाचला. आता नाडी भरलेली, हिमॅटोक्रिट ३८, तरी गडी तीन उशा रचून बसलेला. आडवं झालं की दम लागतो. नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. कमरेचा करदोडा कातडीत रुतलेला.

तक्ता काढला. दोन दिवसांत आत साडेसात लिटर, बाहेर तीन. सिस्टरनी चोख लिहिलं होतं. बेरीज आम्हीच केली नव्हती. त्यात तापाच्या औषधाच्या शंभर मिलीच्या बाटल्या, ॲसिडिटीचं इंजेक्शन शंभर मिलीत, आणि बाहेरून सुरू होऊन आलेलं अँटिबायोटिक, ज्याचा डेंग्यूवर काडीचा उपयोग नाही. यांना कुणी पाणी म्हणून मोजतच नाही.

पाझर एक-दोन दिवसांत थांबतो आणि बाहेर गेलेलं पाणी रक्तात परतू लागतं. वरून सलाईन चालूच राहिलं, तर ते फुप्फुसात साचतं.

२०११ साली युगांडा, केनिया, टांझानियातल्या तीन हजारांवर तापानं फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलेल्यांपैकी ४८ तासांत शंभरी साडेदहा दगावली, न दिलेल्यांपैकी सात. आम्ही चक्रावलो होतो. मोठ्यांच्या सेप्सिसवरच्या पुढच्या बहुतेक अभ्यासांत इतका फरक दिसला नाही. तेव्हा हात आखडता घेणं हाही मंत्र नव्हे. दर काही तासांनी पेशंटकडे बघावं लागतं.

सलाईन काढलं, लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलं. दाराशी वडील उभेच. "बाटली काढली? अशक्तपणा किती आहे त्याला!"

"काका, एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं. ताकद नसते त्यात."

पटलं नाही त्यांना. आपल्याकडे सलाईन म्हणजे उपचार, ते काढणं म्हणजे हात टेकणं.

सकाळी सहाला युरोबॅगेत चौदाशे मिली होते. गडी एका उशीवर झोपला होता.