कार्ल्याच्या लेणीत फोटो का बिघडतो?

एकवीरा आईचं दर्शन झालं की शेजारच्या कार्ले लेणीत फोटो निघतातच. इथलं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, आणि उजेड येतो तो मुख्यतः दारावरच्या मोठ्या कमानीतून. आतून दाराकडे बघत फोटो काढला की कमान तरी पांढरीफटक होते, नाहीतर छत काळंकुट्ट.

पांढराफटक पडलेला भाग एडिटिंगने परत येत नाही. तिथे तपशील नोंदलेलाच नसतो. काळ्या भागात थोडाफार उरतो. म्हणून स्क्रीनवर कमानीला टॅप करा, फोटो काळसरच येऊ द्या, मग ‘शॅडोज’ वाढवा. जास्त वाढवलं तर दाणे दिसतात. भडक फिल्टर मात्र नकोच. छताच्या फासळ्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाकडाच्या आहेत, फिल्टरमध्ये त्याही दगडाच्याच वाटतात.