खेळगडी हवा आहे

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात नोव्हेंबरच्या दुपारी जाऊन पाहा. कापसाची वेचणी चालू असते. मोठी माणसे वावरात, मुले शाळेत, आणि गाव कसे सामसूम. अशा वेळी एखाद्या घराच्या ओसरीवर दहा-बारा वर्षांचे एक मूल बसलेले दिसते. जवळ म्हातारी आजी असते. मूल बोलत नाही, किंवा त्याला नीट चालता येत नाही, किंवा वयाच्या मानाने त्याची समज कमी आहे. शाळेच्या पटावर त्याचे नाव आहे. आठवड्यातून एखाददुसरा दिवस ते शाळेत जातेही. परंतु मधल्या सुट्टीत त्याच्याशी खेळायला कोणी येत नाही. आई त्याला जेवू घालते, आजी त्याला जपते. बरोबरीचा सोबती मात्र त्याला आजवर मिळालेला नाही.

गुरुजनहो आणि गावकरी मंडळींनो, या एका उणिवेविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

सरकारने या मुलांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यापर्यंत निदान कागदावर तरी हा कायदा पोचतो. पण कायदा फार तर बाक देईल. त्या बाकावर शेजारी कोणी आपणहून येऊन बसावे, ही व्यवस्था कोणत्या कलमाने करायची?

ती गावातली पोरे करू शकतात. नववी ते बारावीतला एक मुलगा किंवा मुलगी आणि असे एक मूल, अशी जोडी जमवावी आणि दोघांनी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तासभर एकत्र घालवावा, एवढीच ही कल्पना आहे. अमेरिकेत १९८९ साली अँथनी केनेडी श्रायव्हर यांनी ‘बेस्ट बडीज’ नावाची संस्था काढली, ती याच एकास एक मैत्रीच्या तत्त्वावर. त्यांच्या मातोश्री युनिस श्रायव्हर यांनी १९६८ मध्ये बौद्धिक अपंगांसाठी ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ सुरू केले होते, आणि युनिसबाईंची सख्खी बहीण स्वतः बौद्धिक अपंग होती. म्हणजे घरातल्या दुःखातून निघालेले हे काम आहे.

पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. १९६९ साली निघालेल्या या महाविद्यालयात दरवर्षीची तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरात राहते, आणि एकेका विद्यार्थ्याकडे काही घरे सोपवली जातात. सतरा-अठरा वर्षांची ती पोरे, बरीचशी शहरातली. ‘गाव’ हा शब्द त्यांना तेव्हा कळतो, जेव्हा गावातल्या चार घरांची नावे त्यांच्या तोंडी बसतात. माणसाची माणसाशी नेमून दिलेली गाठ उपयोगी पडते ती अशी.

आणखी एक जुनी गोष्ट. सेवाग्राम आश्रमात गेलात तर बापूकुटी पाहून परतू नका, परचुरे कुटीही पाहा. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. गांधीजींची त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. त्यांना महारोग होता. त्या काळी या रोग्याची सावलीही लोक टाळीत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. ही हकीकत आपण सेवेची म्हणून सांगतो. मला ती मैत्रीची वाटते, कारण तुरुंगातल्या जुन्या सोबत्याला दूर ठेवायचे नाही, असा तिचा अर्थ आहे. आपल्याच हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनीही पुढे हेच ओळखले. १९६७ पासून सोमनाथला भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत त्यांनी तरुणांना बोलावले ते श्रमाला. दुरून हळहळायला नव्हे, सोबत घाम गाळायला.

सोबत काम करणे हेच या मैत्रीचे गमक आहे. आपल्याकडे चांगल्या मुलाला अशा घरी पाठवले की तो लगेच मास्तर होतो. पाटी घेतो, ‘म्हण, क’ असे सुरू करतो. तसे करू नये. शिकवायला शिक्षक आहेत. शेंगा फोडणे, परसातल्या वांग्यांना पाणी घालणे, सागरगोटे, पत्ते, विहिरीवरून येताना रिकामी कळशी दोघांनी धरणे, यात बोलण्याची गरज थोडी आणि संगत पुष्कळ. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता. ज्याला शब्द कमी पडतात त्याच्या मैत्रीलाही तोच मार्ग सोपा. तान्हा पोळा आला की लाकडी नंदीबैल घेऊन घरोघर हिंडायला पोरे निघतात. त्या घोळक्यात हे मूलही आपला बैल ओढीत चालले, तर सबंध गाव त्याला त्या दिवशी पाहते.

एक बारीकसा प्रश्न नेहमी येतो. लहान मुलाने या मोठ्याला काय म्हणावे? आपल्याकडे ‘दादा’ किंवा ‘ताई’ आपोआप तोंडात येते, येऊ द्या. फक्त दादाने दादागिरी करू नये. कोणता खेळ खेळायचा हे एका खेपेला याने ठरवावे, दुसऱ्या खेपेला त्याने.

जोडी लावण्याआधी मोठ्या मुलाला थोडी माहिती द्यावी लागते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसून बोलावे. ओरडून उपयोग नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याची जीभ अडखळते त्याची बुद्धी अनेकदा अगदी शाबूत असते. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, थांबावे. एक मिनिट लागले तर लागू द्यावे. स्वमग्न मुलाला अचानक बदल सोसत नाही. त्याच्याकडे त्याच वेळी, त्याच जागी जावे. एखाद्या दिवशी येणार नसाल तर आधी सांगावे, आणि न विचारता अंगाला हात लावू नये. ज्याला फिट येते त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्या. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठावा. एवढे ज्याला कळले तो सोळा वर्षांचा मुलगा गावातल्या कित्येक वडीलधाऱ्यांपेक्षा शहाणा झाला असे समजा.

सावधगिरीही हवी. दोन जोड्या एकत्र भेटाव्यात, अंगणात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, बंद दाराआड कधीही नाही. दोन्ही घरच्या आईवडिलांची संमती घ्यावी, आणि या मुलालाही विचारावे. ते बोलत नसेल, पण कोण आले की ते हसते आणि कोण आले की तोंड फिरवते, हे त्याच्या आजीला ठाऊक असते. गुणपत्रिका पाहून मुले निवडू नयेत. वर्गातला हूड पोरगा या कामात पुष्कळदा पहिला येतो, असा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतला माझा अनुभव आहे. या योजनेत वर्षाला १२० तास काम करावयाचे असते. त्यातला आठवड्याचा एक तास या मैत्रीला दिला तर काय बिघडते? रस्ते झाडायला मुले पुरून उरतील.

आता या मुलांच्या आईबापांच्या मनातला खरा प्रश्न. तो ते सहसा बोलून दाखवीत नाहीत, पण तुमच्यावर भरवसा बसला की हळूच विचारतात : ‘आमच्यामागे याचं कोण?’ भावंडे नागपूर-पुण्याला जातात, बहिणी सासरी जातात. मायबाप थकतात, आणि चाळीस वर्षांचे ते लेकरू गावाला केवळ ‘अमक्याचा वेडा’ म्हणून माहीत असते, नावाने नाही. मैत्रीचा तास या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देत नाही. पेन्शन, वैद्यकीय मदत, पालकत्वाची कायदेशीर तजवीज, हे सारे वेगळे करावेच लागते. पण आजचा अकरावीतला मुलगा उद्या गावात पिठाची चक्की चालवील, कोणी ग्रामपंचायतीत बसेल, कोणी आशाताई होऊन दारोदार फिरेल. त्यांच्यातल्या पाचदहा जणांना या माणसाचे नाव, त्याचा राग, त्याची आवडती भाजी माहीत असली, तर तो गावात परका राहणार नाही. शहरातल्या स्वयंसेवकाला हे जमत नाही. तो गाडीने येतो, गाडीने जातो.

मैत्री मध्येच तुटली तर मात्र ती न केलेलीच बरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येतात, मोठी मुले एकाएकी दिसेनाशी होतात, आणि हे मूल ठरलेल्या दिवशी दाराकडे पाहत बसते. म्हणून जोडी लावतानाच परीक्षेची सुट्टी ठरवावी, भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोघांनी मिळून त्या तारखांना खुणा कराव्यात, आणि बारावीनंतर जाणाऱ्याने जाण्याआधी महिनाभर नव्या सोबत्याला बरोबर घेऊन यावे. जुलैत शाळेचा पट स्थिरावला की मुख्याध्यापकांनी गट साधन केंद्रातून आपल्या गावच्या मुलांची यादी मागवावी. पहिल्या वर्षी तीन जोड्या जमल्या तरी पुष्कळ झाल्या.