उसाच्या बिलातील कंस आणि बीजगणित

सातारा आणि सांगली हे एकमेकांना खेटून असलेले जिल्हे कृष्णेच्या पाण्यावर पोसलेले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला भाग १९६० मध्ये सांगली जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला. उसाचे अर्थकारण मात्र दोहोंकडे सारखेच राहिले. गाळप हंगाम सुरू झाला की रेठरे बुद्रुकपासून कुंडलपर्यंत कारखान्यांच्या वाटांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि त्यापाठोपाठ घरोघरी बिलाची आकडेमोड सुरू होते. सातवी-आठवीच्या पुस्तकात ज्या गुणधर्मापाशी विद्यार्थी हमखास अडखळतात, तोच या आकडेमोडीच्या मुळाशी आहे. त्याचे नाव वितरण गुणधर्म.

उसाला द्यावयाचा किमान दर, म्हणजे ‘एफआरपी’, केंद्र सरकार दरवर्षी ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनामागे ३,५५० रुपये ठरवण्यात आला. उतारा त्याहून जितका अधिक, तितक्या प्रमाणात प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये, म्हणजेच टनामागे ३४.६० रुपये वाढ मिळते. या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि उरलेला दर टनांच्या संख्येने गुणला जातो. उतारा १०.२५ च्या वर किती दशांश गेला ती संख्या ‘क्ष’, टनामागे कपात ‘त’ आणि ऊस ‘न’ टन मानला, तर बिलाची रक्कम अशी होते :

न × (३५५० + ३४.६ क्ष − त)

वितरण गुणधर्म सांगतो, की कंसाबाहेरचा ‘न’ कंसातील प्रत्येक पदाला गुणतो. म्हणून वरील राशी ३५५० न + ३४.६ नक्ष − नत अशी उलगडते. अर्थ साधा आहे. ४० टन उसाला दर, वाढ आणि कपात ही तिन्ही ४० वेळाच लागू होणार. त्यांतले एक ४० वेळा आणि बाकीची एकदाच, असे होऊ शकत नाही.

शाळेतल्या वहीत मात्र नेमके हेच घडते. कारखान्याचा उतारा ११.७५ टक्के, म्हणजे क्ष = १५, आणि उदाहरणापुरती कपात टनाला ८५० रुपये धरू. उताऱ्याची वाढ ५१९ रुपये होते; कंसाची किंमत ३५५० + ५१९ − ८५० = ३,२१९ आणि ४० टनांचे १,२८,७६० रुपये. पदे वेगवेगळी गुणली, तर १,४२,००० + २०,७६० − ३४,०००, उत्तर तेच. पहिल्याच पदाला गुणून बाकीची तशीच उतरवणारा विद्यार्थी १,४२,००० + ५१९ − ८५०, म्हणजे १,४१,६६९ लिहितो. ही १२,९०९ रुपयांची चूक परीक्षेत एका गुणावर भागते. पाटणच्या किंवा वाळव्याच्या शेतकऱ्याने त्या हिशेबावर विसंबून उसनवारी केली, तर ती एवढ्यावर भागणार नाही.

याहून अधिक घात करते ते कंसाआधीचे वजा चिन्ह. वरील ८५० रुपयांत ४५० तोडणीचे आणि ४०० वाहतुकीचे आहेत असे समजा. मग दर ४०६९ − (४५० + ४००) होतो. वजा चिन्ह म्हणजे (−१) ने गुणणे, आणि हा गुणकही दोन्ही पदांना मिळाला पाहिजे : ४०६९ − ४५० − ४०० = ३,२१९. कंस काढताना दुसरे चिन्ह तसेच ठेवले, तर ४,०१९ येतात. फरक ४०० चा नव्हे, ८०० चा; कारण वजा व्हायची रक्कम उलट मिळवली गेली. ४० टनांवर ही चूक ३२,००० रुपयांची होते. ‘कंसाआधी वजा असेल तर आतली चिन्हे बदला’ हे मुले पाठ करतात. ती का बदलतात, हे सांगायला वर्गात बहुधा वेळ उरत नाही.

या रीतीचा उगम पाठ्यपुस्तकात नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त गुणाकाराचे पहिलेच उदाहरण १३५ गुणिले १२ असे आहे, आणि ते सोडवण्याच्या पद्धतींत १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडण्याची रीत दिली आहे : १०८० + ५४० = १६२०. १२ ऐवजी २० ने गुणून मग ८ पट वजा करण्याची युक्तीही तेथेच सापडते. बाजारात तोंडी हिशेब करणारा व्यापारी ९८ ला १०० वजा २ मानतो, तेव्हा तो याच वाटेने जात असतो.

हाच गुणधर्म उलट दिशेनेही चालतो. एका शेतातून ४० टन आणि दुसऱ्यातून २७ टन ऊस गेला आणि दर एकच असला, तर दोनदा गुणण्याऐवजी (४० + २७) × ३२१९ करावे. २,१५,६७३ रुपये मिळतात. बीजगणितात ७क + ५क = १२क लिहिता येते ते याचमुळे, आणि ७क + ५ ची बेरीज पुढे सरकत नाही तीही याचमुळे; त्यांत सामाईक काढण्याजोगे काही नाही. ३(२क − ५) − २(क − ४) या राशीचे कंस सोडवले की ६क − १५ − २क + ८ आणि सजातीय पदे एकत्र केली की ४क − ७ उरते. शंका आली, तर क च्या जागी ५ घालून पाहावे : दोन्हीकडे १३ येतात. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरीही उत्तरपत्रिकांत ती क्वचितच दिसते.

बिलाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी लागते. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. दराचे ‘प’ आणि ‘द’ असे दोन भाग केले, तरी न(प + द) = नप + नद हे खरेच राहते. पण दुसरा भाग कोणत्या तारखेला हाती येतो, हे या सूत्रात पद म्हणून येतच नाही. वादाचा मोठा भाग त्या न लिहिलेल्या पदाचा होता.

गुणधर्माची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. गुणाकार बेरजेवर वितरित होतो, वर्ग होत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. (३० + ३) चा वर्ग ९०० + ९ नव्हे; प्रत्येक पदाने प्रत्येक पदाला गुणले की ९०० + ९० + ९० + ९, म्हणजे १,०८९ चौरस फूट भरतात. मधली दोन पदे गाळणाऱ्याचा गुंठा ९०९ फुटांचा होतो, आणि ४० गुंठ्यांच्या एकरात ७,२०० चौरस फूट, म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून अधिक जमीन, मोजणीतून निसटते.