पाठीचा कणा : स्तंभ आणि साखळी

बंगळूरच्या विधानसौधाच्या पूर्वेकडील दर्शनी भागात ग्रॅनाइटचे १२ स्तंभ उभे आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे ४० फूट. १९५६ साली ही वास्तू पुरी झाली, तेव्हापासून या स्तंभांनी एकच काम केले आहे : वरचा भार पेलून निश्चल उभे राहणे. त्यांच्यापुढील ४५ पायऱ्या एखादा कारकून काखेत कागदांचे बाड धरून चढतो, तेव्हा त्याच्या पाठीतही एक स्तंभ उभा असतो. तोही भार पेलतो. परंतु त्याला निश्चल राहण्याची मुभा नाही. त्याला वाकावे लागते, वळावे लागते, आणि हे करीत असता आपल्या पोकळीत सांभाळलेल्या एका नाजूक दोरीला धक्का लागू द्यायचा नसतो. एकमेकांना विरोधी अशी ही कामे एकाच वेळी साधणारी रचना म्हणजे माणसाचा पाठीचा कणा होय.

वस्तुतः हा स्तंभ एकसंध नाही. ती हाडांची साखळी आहे. बालपणी तिच्यात बहुधा ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके आयुष्यभर सुटे राहतात. त्यांखालचे ५ मणके पुढे एकजीव होऊन त्रिकास्थी बनते, तर अखेरच्या लहान मणक्यांचे माकडहाड होते. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तेथे हालचाल थोडी. मान व कंबर मात्र मोकळी. कमरेच्या मणक्यांवर भार अधिक पडतो, म्हणून ते आकाराने सर्वांत मोठे असतात.

ही साखळी बाजूने पाहिली तर सरळ दिसत नाही. नवजात अर्भकाची पाठ धनुष्यासारखी एकाच बाजूस वाकलेली असते. मूल मान धरू लागते तसा मानेचा बाक स्पष्ट होतो. ते उभे राहू लागते, चालू लागते, तसा कमरेचा बाक तयार होतो. ताठ उभे राहण्याची किंमत म्हणून माणसाने ही वळणे कमावली आहेत, असे म्हटले तरी चालेल. त्यांच्यामुळे डोक्याचा भार तोलला जातो आणि चालताना बसणारे हिसके सौम्य होतात.

दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट चकती असते. बोलीभाषेत तिला गादी म्हणतात, आणि ते नाव अगदी समर्पक आहे. तिच्या कडेला बळकट तंतूंची वलये व मध्यभागी पाणीदार गर असतो. दिवसभराच्या भाराने या गाद्यांतील थोडे पाणी बाहेर जाते व रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. त्यामुळेच सकाळी उठलेला माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरभर उंच असतो. प्रौढपणी या गादीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसतात. लगतच्या हाडांतून झिरपत येणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते, आणि भार पडणे व उतरणे या क्रियेने त्या द्रवाच्या येण्याजाण्यास साहाय्य होते.

बंगळूरसारख्या शहरात हजारो माणसे संगणकासमोर दिवस काढतात. त्यांच्या पाठदुखीचा दोष बहुधा खुर्चीला दिला जातो. परंतु खुर्ची कितीही उत्तम असली तरी तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे पाठीस मानवत नाही. मधूनमधून उठणे, चार पावले चालणे, पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना नित्य काम देणे, हीच पाठीची खरी निगा होय. पूर्वी पाठ दुखली की आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. आता वैद्यकाचे मत पालटले आहे. साधी पाठदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरते आणि झेपेल तितकी हालचाल तिला उपकारकच ठरते. मात्र पायातील शक्ती जाऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो प्रत्येकाने ध्यानी ठेवावा असा आहे. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे आदेश अवयवांकडे नेणारी हीच ती नाजूक दोरी. प्रौढ माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. हाड मोडले तर सांधते. मज्जारज्जू तुटला तर तो पुन्हा जुळवून देण्याचा उपाय अद्याप वैद्यकाला साधलेला नाही. रस्त्यावरील अपघातात मणका मोडला असला तरी मज्जारज्जू पुष्कळदा शाबूत असू शकतो. अशा वेळी दयाळू माणसे जखमी व्यक्तीला काखेत धरून उचलतात, रिक्षात दुमडून बसवतात, आणि मोडलेल्या हाडाचे टोक त्या दोरीत रुतण्याचा धोका ओढवतो.

म्हणून आग किंवा तसाच अन्य धोका नसेल तर जखमीला हलवू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू आहे ना हे पाहावे, आणि डोके व मान धडाच्या रेषेत स्थिर धरून ठेवावी. हलवणे अटळच झाले तर चारपाच जणांनी मिळून, फळी उचलावी तसे त्याला एकसंध उचलावे. मदत करणाऱ्याच्या मागे कज्जा लागेल ही भीतीही आता बाळगू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्हेतूने धावून येणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

धडधाकट पाठीला हालचाल हवी. जखमी कण्याला विधानसौधाच्या स्तंभांसारखी निश्चलता हवी. दोन्ही वाक्ये साधी आहेत, पण त्यांची अदलाबदल झाली, तर एखादा माणूस आयुष्यभर पुन्हा पायऱ्या चढू शकणार नाही.