दवाखान्याच्या पलीकडचं पुणे
धारांची सावड घालून पारनेर तालुक्यातल्या एका कुटुंबाने केलेली दोन दिवसांची सहल

आपल्या जिल्ह्यातला माणूस पुण्याला कमी जातो असे नाही. कांद्याची गाडी घेऊन गुलटेकडीला जातो, पेशंट घेऊन ससूनला जातो, पोराला कंपनीत चिकटवायला चाकणला चकरा मारतो. पण बायको, पोरं आणि म्हातारी आई यांना घेऊन नुसते पुणे पाहायला कितीजण गेले, असा हिशेब कोणत्याही गावच्या पारावर मांडला तर बोटे उरतील.

सुप्याजवळच्या एका वस्तीवर हा विषय निघाला. घरची बाई म्हणाली, "भाऊ, म्या चार येळा पुण्याला गेले. दोनदा सासऱ्यांच्या आपरेशनला, एकदा नणंदंच्या बाळंतपणाला आन् एकदा मयतीला. पुणं म्हंजी फिनेलचा वास, एवढंच मला ठावं." घरधनी खाली मान घालून तंबाखू मळत होता. त्याचे म्हणणे वेगळे. तीन संकरित गाया, सकाळ-संध्याकाळ धार. दोन दिवस घर सोडायचे तर दूध डेअरीला घालणार कोण?

सहली अडतात त्या इथे. पैशाचे सोंग नंतर. दारात दुभते जनावर असलेला शेतकरी घरातून सगळी माणसे एकदम हलवू शकत नाही. शेवटी तोडगा निघाला तोही जुनाच. खुरपणीला, पेरणीला आपण सावड करतो, तशी धारांची सावड. शेजारच्या वस्तीने दोन दिवस यांच्या धारा काढायच्या, पुढच्या आठवड्यात यांनी त्यांच्या. यात बोलायला सोपे, करायला अवघड असे एकच होते. परका हात लागला की गाय पान्हा चोरते. म्हणून शेजारीण चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी येऊन गाईंच्या अंगावरून हात फिरवून जात होती.

या सहलीमागे आणखी एक कारण होते, ते कोणी उघड बोलत नव्हते. थोरली मुलगी दहावी झाली होती. मार्क चांगले. तिला पुण्याला शिकायचे होते. बाप "बघू" म्हणत होता, आणि आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

गुरुवारी सकाळी सुप्याला एसटी धरली. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती याच रस्त्याने, नगर ते पुणे. तिकिटाचा हिशेब ऐकून घरधन्याने दोनदा खात्री केली. आजीचे वय पंच्याहत्तरच्या वर, तिला फुकट. बायकोला व मुलीला मार्च २०२३ पासूनच्या सवलतीने अर्धे. मुलगा पाचवीत, त्याचेही अर्धे. "म्हंजी पुरा मीच एकटा!" असे म्हणून त्याने पैसे मोजले. आजीचे आधारकार्ड मात्र पिशवीच्या तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली निघाले. जाणाऱ्यांनी ते वरच्या खिशात ठेवावे.

नगर रस्त्याने पुण्यात शिरताना वाघोलीपासून पुढे गाडी कशी रांगते ते सर्वांना माहीत आहे. त्यावर आता एक उपाय झाला आहे. मेट्रोचा एक फाटा मार्च २०२४ पासून नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आला आहे. तिथे उतरता येईल का, हे वाहकाला तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. जुने शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलले, तेव्हापासून जुन्या ओळखीवर जाणारा माणूस फसतो.

मेट्रो हीच पोरांची पहिली जत्रा झाली. रामवाडीहून गाडी खांबांवरून जाते, खाली नदी, गाड्या, घरांचे पत्रे दिसतात. सिव्हिल कोर्टाच्या स्टेशनात गाडी बदलायची. तिथे जमिनीखाली शंभर फुटांहून खोल उतरावे लागते. सरकत्या जिन्यापाशी आजी अडली. "हे पायाखालून पळतंय, म्या नाय यायची." मुलगी म्हणाली, "आजी, लिफ्ट आहे," आणि पाटी वाचत सगळ्यांना घेऊन निघाली. बाप मागून चालत होता. खाली पोचल्यावर त्याने वर पाहिले आणि एवढेच विचारले, "आपल्या हिरीच्या दुप्पट असंल न्हाई?" पुढची गाडी मुठा नदीच्या पोटाखालून बोगद्याने जाते हे ऐकल्यावर मुलगा काचेला नाक लावून पाणी कुठे गळते का ते पाहत राहिला. हा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

शनिवारवाडा पाहिला, पण खरे सांगायचे तर पोरांना तो रुचला नाही. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दिल्ली दरवाजाला ठोकलेले अणकुचीदार खिळे तेवढे त्यांनी मोजले. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. आज आत जोती, कारंज्याचा हौद आणि हिरवळ. इतिहास सांगणारा कोणी बरोबर असेल तर जावे, नाहीतर दरवाजा पाहून पुढे निघावे.

खरा वेळ गेला तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात. मंडई स्टेशनवर उतरून विचारत गेले की सापडते. दिनकर केळकर यांनी उभ्या आयुष्यात गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या. लहानपणी वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. आत दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी अशा हजारो वस्तू आहेत. आतापर्यंत पाय दुखतात म्हणणारी आजी इथे पुढे झाली. काचेपलीकडच्या भांड्यांची नावे ती नातवाला सांगू लागली. हे घंगाळ, ही कासंडी, हा गडू. नावांच्या पाट्या वाचायची गरजच पडेना. एका तपेल्यापाशी थांबून म्हणाली, "असं आपल्यातबी व्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मोडीत घातलं." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. सूनबाईंना हे माहीत नव्हते. लग्न होऊन अठरा वर्षे झाली, पण हा विषय त्या घरात निघाला तो पुण्याच्या संग्रहालयात.

तिथून गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. वाडा लहान, शांत, तुळशी वृंदावन, आणि १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला तो पाण्याचा हौद याच घराचा. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा माणूस इथे राहत होता. बांधबंदिस्ती करा, डोंगरातले पाणी व गाळ अडवा, असे त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून ठेवले. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या जिल्ह्याने एवढी वाट वाकडी करून हा वाडा पाहायला हरकत नाही. आणखी एक नाते आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते आपल्या नगरला, मिस फरार यांच्या शाळेत. मुलीने ते मोठ्याने सांगितले. "म्हंजी ती पुण्याहून नगरला शिकायला आली व्हती?" आईने विचारले. मुलगी "हो" म्हणाली आणि बापाकडे पाहिले. बाप हौदात पाहत होता.

संध्याकाळी सारसबागेत गणपती, हिरवळ आणि भेळ. मुक्काम चंदननगरला भाच्याच्या खोलीवर, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे. येताना एका रिक्षावाल्याने नवखे पाहून दुप्पट पैसे घेतले. मीटर टाकल्याशिवाय बसू नये, हे आम्हाला बसल्यावर आठवले.

दुसरा दिवस कात्रजचा. स्वारगेटहून पीएमपीची बस मिळते. महापालिकेचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, हे आधी ध्यानात ठेवावे. आवार मोठे आहे, दिवस जातो. मुलाला वाघ पाहायचा होता, वाघ झोपला होता. पण घरधनी जो सर्पोद्यानापाशी खिळला तो हलेना.

त्याचे कारण शेतकऱ्यालाच कळेल. रात्रीची लाईट आली की हातात बॅटरी घेऊन बारे द्यायला जाणारा माणूस पाय कुठे टाकतो हे त्याला ठाऊक नसते. आपल्याकडे माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांनी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातली मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत लोकांची गल्लत होते. दोघांनाही आडवे पट्टे. मण्यारीचे पट्टे डोक्याकडे फिकट आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे नेमके उलटे, मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दुखत फारसे नाही म्हणून माणूस पुन्हा झोपी जातो. "मागल्या साली चाळीत निघाला त्यो कवड्या व्हता तर. उगाच मारला," तो स्वतःशीच म्हणाला. या चारही सापांवर सरकारी दवाखान्यात एकच लस चालते. तेव्हा साप कोणता हे शोधत बसू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये, सरळ दवाखाना गाठावा. शाळांच्या सहली कात्रजला जातात त्या वाघ पाहून परत येतात. गुरुजींनी पोरांना या चार सापांपाशी अर्धा तास उभे करावे.

परतीच्या वाटेवर नगर रस्त्यावरच आगाखान पॅलेस लागतो. १८९२ सालची वास्तू, दुष्काळातल्या लोकांना काम मिळावे म्हणून बांधली असे सांगतात. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथे डांबले. महादेवभाई त्याच महिन्यात गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या इथेच आहेत. त्याच दिवसांत नेहरू, पटेल, मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात कैद होते, म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन टोकांना देशाचे पुढारी कोंडलेले. आता नगरचा किल्ला आपल्यापैकी कितीजणांनी आतून पाहिला आहे? या कुटुंबाने नव्हता पाहिला.

रात्री नऊला वस्तीवर पोचलो. गाया ठीक होत्या. एकीने एक वेळ दूध कमी दिले, तेवढेच. शेजारीण अंगणातच बसून होती, तिला पुढच्या आठवड्यात जायचे होते. मुलीने वहीचे पान फाडून रामवाडीपासून स्वारगेटपर्यंत कुठे बदलायचे, कुठे उतरायचे ते लिहून दिले. खाली 'बुधवार सोडून' असे लिहून दोन रेघा ओढल्या.

अकरावीचा प्रवेश आता ऑनलाईन असतो, कॉलेजांचा पसंतीक्रम भरून द्यावा लागतो. पहिल्या नंबरला सुपे टाकायचे की पुणे, यावर त्या घरात अजून एकमत नाही. नेप्तीला कांदा काय भावाने जातो त्यावर सगळे आहे, असे घरधनी म्हणतो. पण भाच्याला फोन करून त्याने मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करायला सांगितले आहे. हे मुलीला अजून ठाऊक नाही. आईला आहे.