मागच्यासाठी एक दिवा

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला सायकल म्हटली की आधी ब्रेक आठवतो आणि सांगलीत राहिलेल्याला डायनॅमो. माझ्या वाट्याला दोन्ही गावे आली. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेले. समर्थ मंदिराकडून सायकल सोडली की राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत पायडल मारायचे फारसे काम नसे. काम असे ते ब्रेकचे. तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलींचे ब्रेक कसे असत, हे माझ्या गुडघ्यांना अजून ठाऊक आहे. पुढे मास्तरकीची नोकरी लागली ती सांगलीत. कृष्णाकाठची सपाट जमीन. विश्रामबागेवरून थेट मिरजेपर्यंत जा, चढ म्हणावा असा नाही. तिथे संध्याकाळी सोबत असे ती डायनॅमोच्या घरघरीची. दिवा नसला की चौकातला पोलीस चाकातली हवा सोडून देई, म्हणून दिवा प्रत्येकालाच हवा. पण तो पुढचा. मागे काय आहे, याची चौकशी पोलीसही करीत नसे आणि आम्हीही.

ती चौकशी पहिल्यांदा केली माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने.

साल १९९७. उसाचा हंगाम सुरू झाला होता. हंगामात आमच्याकडचे रस्ते रात्रभर बैलगाड्यांचे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे असतात. या मुलाचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या एका दुकानात कामाला होते. रात्री दुकान बंद झाल्यावर सायकलवरून गावाकडे निघाले. पुढे अंधारात उसाची गाडी एकदम दिसली, त्यांनी ब्रेक लावला आणि मागून येणारी मोटारसायकल त्यांच्यावर आदळली. नडगीचे हाड मोडले. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये आणि तीन महिने पगार नाही. मोटारसायकलवाला पोरगा काही वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताला पट्टी बांधलेली असतानाही तो दवाखान्यात आला. एवढेच म्हणाला, “काका थांबले हे मला कळलंच नाही.”

आठवडाभराने मुलगा शाळेत आला आणि तास संपल्यावर माझ्यापाशी घुटमळला. “सर, स्कूटरचा ब्रेक दाबला की मागं तांबडा दिवा लागतो. मग सायकलला का नाही?”

“स्कूटरला इंजिन असतं. त्यावर वीज तयार होते.”

“मग सायकलला डायनॅमो आहे की.”

याला उत्तर नव्हते. जानेवारीत विज्ञान प्रदर्शन होते. मी म्हटले, करून बघू.

डायनॅमोची करामत साधी आहे. त्याची टोपी टायरच्या कडेला घासून फिरते, टोपीबरोबर आत चुंबक फिरतो आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज खेळू लागते. हे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. सायकलचा डायनॅमो साधारण सहा व्होल्टचा आणि तीन वॅटचा. जुन्या दणकट सायकलींना ब्रेकसाठी तारा नसत, लोखंडी दांड्या असत. मूठ दाबली की दांडी सरकते. भंगारवाल्याकडून स्कूटरच्या ब्रेकचे बटण आणले आणि दांडी सरकली की ते दाबले जाईल असे बसवले. डायनॅमो ते बटण, बटण ते मागचा तांबडा दिवा. दोन तासांत काम फत्ते!

शाळेच्या मैदानावर अंधार पडल्यावर चाचणी घेतली. सायकलवर मी, मागे धावणारी चार पोरे. मी जोरात सायकल हाणली आणि ब्रेक दाबला. मागून आरोळी आली, “लागला!” आणि पाठोपाठ, “गेला!”

जाणारच. चाक फिरते तोवर वीज, चाक थांबले की अंधार. ब्रेक लावणे म्हणजे चाक थांबवणे. म्हणजे ज्या क्षणी दिव्याची गरज, नेमक्या त्याच क्षणी त्याचे तेल संपायचे. तोवर मला वाटत होते की हे काम दिवा जोडण्याचे आहे. खरी अडचण दिव्याची नव्हतीच, वेळेची होती.

उपाय सापडला तो सांगलीकराच्या रोजच्या अनुभवातून. नळ गेल्यावर पाणी हवे असेल, तर नळ असताना हंडा भरून ठेवावा लागतो. विजेचा असा लहानसा हंडा म्हणजे कपॅसिटर. पण डायनॅमोची वीज क्षणात इकडून तिकडे, क्षणात तिकडून इकडे वाहणारी. तिने हंडा भरत नाही. म्हणून मध्ये चार डायोड बसवायचे. डायोड हे विजेचे एकेरी दार. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, खाली उतरू देत नाही, तसेच हे. शेतकऱ्यांच्या पोरांना ते सांगावेही लागले नाही. अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडून चार मोठे कपॅसिटर मिळवले आणि बल्बच्या जागी तीन तांबडे एलईडी लावले. तांबडा एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक यांनी तयार केला. तो किती थोड्या विजेवर जळतो, हे तेव्हा आम्ही पहिल्यांदा अनुभवले. या वेळी चाक थांबल्यावरही दिवा चार-पाच सेकंद टिकला. पोरांनी मैदान डोक्यावर घेतले.

फळ्यावर आम्ही हिशेबही मांडला. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो, वेग ताशी पंधरा किलोमीटर. तर त्या गतीत सुमारे सातशे ज्यूल ऊर्जा असते. ब्रेक लावला की ती रबराच्या गट्टूत तापून वाया जाते. आमच्या दिव्याला चार सेकंद जळायला लागत होता जेमतेम अर्धा ज्यूल. हजारात एक भागसुद्धा नाही! रोज प्रत्येक चौकात आपण जे उधळतो, त्यातल्या चिमूटभरात मागच्याला सावध करता येते.

प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. पण त्याहून मोलाची गोष्ट मिळाली. कॅन लावलेली सायकल बाहेर उभी करून एक वयस्क दूधवाले आत आले होते. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “झ्याक हाय मास्तर. पर माझ्या सायकलला ब्रेकच न्हाईत. मी चप्पल टेकून थांबतो.”

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाताना हसू मावळले. आमचा दिवा ब्रेकची दांडी सरकण्यावर बेतलेला. ज्या माणसाला त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या सायकलला ती दांडीच नव्हती!

या भागात ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाची सुरुवात केली ती बेळगावात, १८८८ साली, सायकलच्या दुकानाने. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. नांगर उत्तम असूनही गिऱ्हाईक मिळेना. यंत्र चांगले असून भागत नाही, ते वापरणाऱ्याच्या हातात आणि मनात बसावे लागते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. १९४९ पर्यंत मात्र जिल्हा एकच होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कारखानदारी या मातीत सायकलवरून आली, असे मी वर्गात सांगत असे. दूधवाल्यांनी त्याचा उरलेला अर्धा धडा मला शिकवला.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर डायनॅमोतच होते. चाक मंदावले की डायनॅमोच्या विजेची स्पंदने मंदावतात. ब्रेक दाबा, चप्पल टेका नाहीतर खड्ड्यात अडका, डायनॅमोला ते कळतेच. ती स्पंदने मोजली तर बटणाची गरजच नाही. हे आम्हाला सुचले, पण तेवढे इलेक्ट्रॉनिक्स शाळेत जमण्यासारखे नव्हते. पुढे कळले की जर्मनीत नेमक्या याच युक्तीवर चालणारे मागचे दिवे बाजारात आले आहेत. तिथे २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोचा दिवा कायद्यानेच सक्तीचा होता, त्यामुळे त्यात सुधारणा करणारेही निघाले. आपल्याकडे आता चार्जिंगवर चालणारे दिवे मिळतात. चांगले आहेत, पण ते चार्ज करायची आठवण ठेवावी लागते. पायावर चालणाऱ्या दिव्याला आठवण लागत नाही.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण मागच्याला शहाणे व्हायला पुढच्याने आधी ठेच का खावी? पुढचा दिवा आपण आपल्या वाटेसाठी लावतो. मागचा लावायचा तो अनोळखी माणसासाठी. त्याला इजा होऊ नये आणि त्याच्या हातून आपल्यालाही होऊ नये म्हणून. त्या मोटारसायकलवाल्या पोराला पाच सेकंदांचा तांबडा ठिपका दिसला असता, तर दोन घरांचे तीन महिने वाचले असते.

प्रदर्शनातला दिवा मी त्या मुलाच्या वडिलांच्या सायकलला बसवून दिला. प्लास्टर निघाल्यावर ते पुन्हा कामावर जाऊ लागले. एकदा सकाळी त्यांच्या घरी गेलो होतो. ते सायकलवर टांग टाकून निघाले. बसणाऱ्याला आपला मागचा दिवा कधीच दिसत नाही. गल्लीच्या टोकाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि मागे न वळताच ओरडून विचारले, “लागला का रं?”

दारात उभ्या असलेल्या पोराने ओरडून सांगितले, “लागला!”

मग ते वळून दिसेनासे झाले.