शर्यतीच्या होड्या : अधिक वेगवान कोणती?

पुणे शहरास समुद्र नाहीं. तथापि १८७९ सालीं मुठा नदीवर पुरें झालेल्या धरणामुळें खडकवासल्याचा विस्तीर्ण जलाशय आपणांस लाभला आहे. त्याच्या कांठीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असून तेथील छात्र या पाण्यांत शिडाच्या होड्या हांकावयास शिकतात. निरनिराळ्या होड्या पाहिल्या म्हणजे ‘यांत सर्वांत वेगवान कोणती?’ हा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

होडी चालूं लागली कीं ती पाण्यावर लाट उठविते. वेग वाढतो तसतशी ही लाट लांबत जाते. ती होडीइतकी लांब झाली म्हणजे होडी स्वतःच उठविलेल्या लाटेच्या खळग्यांत अडकते. एकोणिसाव्या शतकांत विल्यम फ्रूड या इंग्रज संशोधकानें लहान प्रतिकृति पाण्यांतून ओढून या गोष्टीचा कसून अभ्यास केला. लांबी चौपट केली तर वेगाची ही मर्यादा दुप्पट होते. मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ होडी अवघी साडेसात फूट लांब. तिची मर्यादा ताशीं सुमारें ७ किलोमीटर. एकट्यानें चालवावयाची ‘लेझर’ सुमारें चौदा फूट. तिची मर्यादा ताशीं सुमारें ९ किलोमीटर.

परंतु वारा जोराचा व होडी हलकी असेल, तर ती लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते आणि ही मर्यादा मागें टाकते. कांहीं होड्यांना तर पाण्याखालीं पंख बसविलेले असतात. तशाच युक्तीच्या एका होडीनें २०१२ सालीं पॉल लार्सन यानें नामिबियाच्या किनाऱ्यावर ५०० मीटर अंतर ताशीं सरासरी १२१ किलोमीटर वेगानें तोडलें!

मग शर्यत न्यायाची व्हावी कशी? मोठ्या स्पर्धांत एकाच जातीच्या होड्या एकत्र सोडतात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं मुंबईच्या समुद्रांत ‘फायरबॉल’ या दोन असामींच्या होडींतून भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें, तें अशाच शर्यतींत.

होड्या भिन्न जातींच्या असल्या तर इंग्लंडांतील पोर्टस्मथ पद्धति उपयोगी पडते. प्रत्येक जातीस एक अंक दिलेला असतो : लेझरचा सुमारें ११००, ऑप्टिमिस्टचा सुमारें १६४०. लागलेल्या वेळास १००० नें गुणून त्या अंकानें भागावयाचें. समजा, लेझरला ५५ मिनिटें लागलीं व ऑप्टिमिस्टला ८०. हिशेबानें लेझरचीं ५० मिनिटें झालीं, आणि ऑप्टिमिस्टचीं ४९ हून कमी! पंचवीस मिनिटें मागाहून आलेला लहानगा पहिला ठरला.

हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. पालकांसही आमची एक नम्र सूचना आहे. मुलगा कितवा आला हें विचारण्यापूर्वीं त्याच्या वांट्यास होडी कोणती आली होती, हें आधीं पाहावें.